छड्या आणू नका

आप्पा, आज शाळेची इत्तला लिहायला बसले होते. आश्विन लागला की आईबापांना चार गोष्टी कळवायच्या, ही तुमच्या शाळेतली पद्धत मी इथं मुलींच्या शाळेतही चालू ठेवली आहे. बाजरी काढणीला आली आहे, पण मुलींना शेतात अडकवू नका. खरूज असेल तर कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालून मग पाठवा. धाकट्या भावंडाला कडेवर देऊन शाळेत पाठवू नका, ते रडतं आणि कुणालाच शिकू देत नाही. दिवाळीनंतर शाळा ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी या. एवढं लिहून झालं आणि शेवटच्या वाक्याशी हात थांबला. ते वाक्य तुमचं आहे. तुम्ही मानमोडीच्या साथीत गेलात त्याला आता किती वर्षं झाली, तरी दर आश्विनात मी ते तुमच्याच शब्दांत लिहिते आणि दर आश्विनात त्याच्यापाशी अडते. आज तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला.

धारूरच्या डोंगराकडचं आपलं ते गाव, चावडीला लागून शाळा आणि शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत आपण. चुलीपुढं बसलं तरी पलीकडचे पाढे ऐकू यायचे आणि पाढ्यांच्या मधून छडीचा आवाज. एखाद्याला मार बसत असताना बाकीच्यांनी पाढा थांबवायचा नाही, असा तुमचा नियम होता. थांबला तर सगळ्यांना. त्यामुळं एकीकडं रडणं आणि एकीकडं सतरा पाचे पंच्याऐंशी, असं दोन्ही एकदम चालायचं. आई भाकरी थापायची आणि मी जाळ सारायची. दोघींपैकी कुणी काही बोलायचं नाही, कारण आवाज पलीकडून इकडं यायचा तसा इकडूनही तिकडं जायचा.

आपल्या गावची खंडेनवमी मी पुढं दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. कुणबी विळा-कुऱ्हाड पुजतात, सुतार वाकस पुजतो, तशी तिथं शाळेची छडी पुजायचे. दर घरानं आपल्या पोराच्या नावाची निरगुडीची नवी छडी आणायची, साल काढलेली, तेल पाजलेली, हळद-कुंकू लावलेली. पाट्यांवर सरस्वती काढून मांडलेल्या असत, त्यांच्यापुढं त्या छड्या ठेवायच्या. मग वर्षभर ज्याची छडी त्यालाच. एकाच्या छडीनं दुसऱ्याला मारणं तुम्हाला चालत नसे. घरोघरी त्याची चढाओढ असायची. कुणाची छडी जाड, कुणाची सरळ. बायका पाणवठ्यावर सांगायच्या, आमच्या पोराची छडी मास्तरांनी आखाडातच मोडली, लई लक्ष हाय त्याच्याकडं. आणि ज्याची छडी वर्षभर तशीच राही, त्याच्या बापाला वाटे की मास्तर आपल्या पोराला मोजतच नाहीत.

मला छडी नव्हती. मुलीची छडी कोण आणणार? मी तुमच्याकडं घरीच शिकले, आणि घरात जे हाताशी येईल ते चालायचं. उलथनं, रूळ, पाटीची चौकट. एकदा पाटीच फुटली, आणि पाटी फुटली म्हणून पुन्हा मार बसला. माझं अक्षर चांगलं आहे असं इथं सगळे म्हणतात. ते कसं झालं हे मी कुणाला सांगत नाही.

त्या वर्षी भादव्यात धनगराच्या बाईचा मुलगा वर्गात झोपला. नवरा नसलेली बाई, माळाच्या कडेला तिचं शेत, आणि डुकरं बाजरीत घुसायची म्हणून मायलेकरं पाळीनं राखण करायची. तुम्ही त्याला उठवलंत. त्याची छडी आधीच मोडली होती, म्हणून तुम्ही हातानं मारलंत. एकच थप्पड होती. तुमचा हात मोठा होता आप्पा, आणि तो मुलगा अंगानं काहीच नव्हता. मी दारातून पाहिलं, तो भिंतीवर जाऊन आदळला आणि उठून बसला. रडला नाही. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली, ती त्यानं सदऱ्यानं पुसली, आणि इतर म्हणत होते तो पाढा तोही म्हणू लागला. फक्त तो फार मोठ्यानं म्हणत होता, आणि पोरं हसायला लागली.

तीन-चार दिवसांनी त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली. तुम्ही ओट्यावर उभे राहिलात. तुम्हाला वाटलं, ही भांडायला आली. मलाही तसंच वाटलं. ती खाली पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, ह्याचा डावा कान गेला. वैदूनं तेल घालून बघितलं, न्हाई म्हनला. तवा ह्याच्याशी उजव्या अंगानं बोलत जावा."

तिनं पदराखालून एक नवी छडी काढली. "ह्याची मोडली म्हनं. ही घ्या. आन मारतानी तेवढा उजवा कान राखा. येवढाच ऱ्हायलाय."

तिच्या बोलण्यात राग असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, गाईचं एक सड आटलंय ते ध्यानात ठेवून धार काढा, असं सांगावं तसं. तुम्ही छडी घेतलीत. ती गेली, मुलगा आत जाऊन बसला, तरी तुम्ही छडी हातात धरून उभेच.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात पण घास घेतला नाही. मी विचारलं, "आप्पा, त्याला परत ऐकू येईल का?" चुलीवरचं उलथनं तुमच्या हाताशी होतं. ते तापलेलं आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. माझ्या मनगटावर अजून खूण आहे. आई एवढंच म्हणाली, "भायेरचं घरात कावून आनता?" तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात.

आश्विन आला. इत्तला तुम्ही कागदावर लिहायचात, पण गावात वाचता येणारे किती होते? म्हणून हलगीवाल्याकडून दवंडी द्यायचात, आणि तो मनचं घालतो म्हणून स्वतः कागद घेऊन त्याच्यामागं चालायचात. तुम्ही एक वाक्य हळू सांगायचं, त्यानं ते मोठ्यानं ओरडायचं. गाव त्याची वाट बघायचं, कारण त्यात मजा असायची. खरजेचं वाक्य आलं की तो ओरडायचा, "खरूज झाल्यालं पोरगं घरीच खाजवा, शाळंत वाटायला पाठवू नगा." तुम्ही म्हणायचात, "मी असं लिहिलेलं नाही." तो म्हणायचा, "मास्तर, तुमचं अळणी ऱ्हातंय. मी जरा मीठ लावतो."

चावडीपुढं तुम्ही त्याला शेवटचं वाक्य सांगितलंत. तो मागं वळून तुमच्या तोंडाकडं बघत राहिला. "मास्तर, हे वरडायचंय, का नुसतं मलाच सांगितलं?"

"ओरड."

"लोकं मला मारतील."

"तुला नाही मारणार."

त्यानं हलगी वाजवली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वाजवली, आणि मीठ न लावता तुमचं वाक्य जसंच्या तसं ओरडला. यंदा खंडेनवमीला छड्या आणू नका, आजपासून शाळेत कुठल्याही मुलाला मारलं जाणार नाही. कुणी हसलं नाही. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "मंग मास्तर दिसभर करनार काय?" तेव्हा सगळे हसले.

संध्याकाळी गावचा सारा वसूल करणारे मालीपाटील आले. त्यांच्यामागं त्यांचा गडी आणि आणखी पाच-सहा जण. पाटील ओट्यावर आले, पण बसले नाहीत.

"काय ऐकतोय मास्तर?"

"बरोबर ऐकलंत."

"न मारता बैल चालत न्हाई. पोरगं शिकतंय व्हय?"

"बैल चालतो, पाटील. शिकत नाही."

"आमाला नगा शिकवू. माझ्या पाठीवर अजून वळ हायेत पंतोजीचे. म्हनून मालीपाटील झालो."

"वळांमुळं नाही झालात. वडिलांमुळं झालात."

मागं उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी फसकन हसलं. पाटलांनी वळून पाहिलं नाही, पण ते हसू त्यांना कुठं लागलं हे मला दारातून दिसलं. तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला बरोबर उत्तर दिल्याचं समाधान झालं होतं. आप्पा, तुम्ही आयुष्यभर बरोबर उत्तराला फार मान दिलात.

खंडेनवमीच्या सकाळी शाळेचा ओटा सारवलेला आहे, पाट्या मांडल्या आहेत. माणसं येतात आणि प्रत्येकाच्या हातात छडी आहे. ज्यांनी कधी आणल्या नव्हत्या त्यांनीही आणल्या आहेत. तुम्ही दारात हात मागं बांधून उभे. कुणी तुमच्याशी बोलत नाही, पाट्यांपुढं छडी ठेवतात, कुंकू वाहतात, बाजूला होतात. ढीग वाढत जातो. तोवर तुम्ही गप्प आहात आणि मला वाटतं, गप्पच राहणार. मग पाटलांचा गडी येतो. त्याच्याकडं निरगुडीची छडी नाही, बाभळीची काठी आहे, झेंडूची माळ घातलेली. ती तो तुमच्या खुर्चीत आडवी ठेवतो आणि म्हणतो, "बसा आता मास्तर. बूड टेकवून बगा." पोरं हसतात. पाटलांचा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं.

तुम्ही ती काठी उचलून अंगणात फेकता. मग वाकून ढिगातल्या छड्या घेता आणि गुडघ्यावर मोडायला लागता. निरगुडी लवते, लवकर मोडत नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा जोर करता, कुंकू तुमच्या धोतराला लागतं, हळद हातांना लागते. प्रत्येक छडी मोडताना तोच आवाज येतो जो मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकला. कुणी हलत नाही. त्या दिवशी कुणबी विळ्यानं गवताची काडी कापत नाही, लोहार घणाला हात लावत नाही. हत्यार त्या दिवशी निजलेलं असतं, त्याला दुखवायचं नसतं. तुम्ही पुजलेलं हत्यार मोडत होतात, आणि तुम्हाला वाटत होतं की तुम्ही छड्या मोडताय.

"हत्यार मोडलं," कुणीतरी म्हणतं. ओरडून नाही, नवल वाटल्यासारखं.

पहिली काठी गड्यानं मारली, बाभळीची, खांद्यावर. तुम्ही खाली बसलात. मग ओट्यावर माणसं चढली आणि ज्यानं त्यानं आपापल्या पोराची छडी ढिगातून ओढली. मला तोंडं ओळखू येत होती. ज्याचा अर्ज तुम्ही तहसिलीसाठी लिहून दिला होता तो. ज्याच्या घरचं बारशाचं पान आपल्याकडं आलं होतं तो. मोडक्या छड्यांची टोकं अणकुचीदार होती, त्यांनी सदरा फाटला आणि पाठ फाटली. एका माणसानं तुमच्या उजव्या हातावर पाय दिला आणि पायाखाली काय आहे हे त्याला कळलं तरी त्यानं तो काढला नाही. पाटील खाली अंगणात उभे होते. त्यांनी हात लावला नाही, तशी त्यांना गरजही नव्हती. त्यांचा मुलगा गर्दीतून वाट काढत आला आणि तुमच्या पाठीवर छडी मारून म्हणाला, "म्हना मास्तर, सतरा पाचे?" आणि मारणारी माणसं हसली. मारता मारता हसली. डोक्यावर मार बसत असताना तुम्ही डोकं झाकलं नाहीत. तुम्ही दोन्ही तळहातांनी कान झाकले होते, एक हात फुटलेला असताना.

आईनं मधे धाव घेतली तशी माणसं जरा हटली. तेव्हा धनगराची बाई पुढं झाली. मला वाटलं ती आईबरोबर तुम्हाला उचलायला आली. तिनं तिचीच ती छडी, भादव्यात आणून दिलेली, कुठून शोधली कुणास ठाऊक, उचलली आणि तुमच्या गुडघ्यावर एकदाच मारली. "एक कान घेतला," ती म्हणाली, "आन आता शिकवनं बी बंद कावून? माज्या पोरानं काय केलतं?" आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. तेव्हा मला उमगलं की तिनं तुमची दवंडी कशी ऐकली होती. तिच्या हिशेबी मारणं म्हणजे शिकवणं. बहिऱ्या पोरावर आता मेहनत घ्यायची नाही असं मास्तरांनी ठरवलं, आणि त्याच्यापायी गावच्या सगळ्या पोरांचं शिकणं बुडालं, असं ती आठवडाभर मनात धरून होती. गावातल्या इतर बायका तिला तसं बोलतही होत्या.

पुढं पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. तुम्ही पालथे पडून होतात, पाठीवर हळद-तेलाचं फडकं. त्यांनी विचारलं, कुणी मारलं? तुम्ही म्हणालात, पायरीवरून पडलो. अमीनसाहेब हसले. "मास्तर, पायरीला इतके हात असतात का?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. ते गेल्यावर धनगराची बाई गाडग्यातून दूध घेऊन दाराशी आली. आत यायला तयार नव्हती. तिथूनच म्हणाली, "शिकवनार का न्हाई तेवढं सांगा."

"शिकवीन," तुम्ही म्हणालात. "उजवीकडून."

आणि शिकवलंत. दिवाळीनंतर शाळा इत्तलेत सांगितलेल्या दिवशीच उघडली. उजव्या हाताची दोन बोटं वळायची बंद झाली होती, म्हणून तुम्ही डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकलात, पोरांसारखं वेडंवाकडं. पोरांनी पहिले कित्येक महिने तुमचा जीव खाल्ला. पाटलांच्या मुलानं तुमच्यासमोर पाटीवर थुंकून दाखवलं. मी भिंतीआडून ऐकत असे. तुमचा श्वास ऐकू येई. तुम्ही हात बगलेत दाबून धरायचात आणि म्हणायचात, "पुसून टाक, आणि परत लिही." पुढल्या आश्विनात तीच दवंडी, तेच वाक्य. छड्या त्या वर्षीही आल्या, पण थोड्या. त्या तुम्ही मोडल्या नाहीत. मागं आईनं लावलेल्या घेवड्याच्या वेलांना आधाराला रोवल्या. धनगराच्या बाईचा मुलगा चौथी होऊन बाहेर पडला. तोवर त्याच्याशी बोलायचं झालं की तुम्ही मध्येच थांबून, वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जायचात. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला असलात तरी.

हे सगळं मी इथं मुलींना सांगते. माझ्या वडिलांनी मार खाल्ला पण परत कुणावर हात उचलला नाही, असं सांगते. त्या फार मन लावून ऐकतात. इथल्या दुसऱ्या बाई परवा मला म्हणाल्या, तुम्ही फार भाग्याच्या, असे वडील लाभले. मी नुसती मान डोलवली.

कारण दवंडी शाळेची होती, आप्पा. घरात ती लागू नव्हती. दिवसभर बगलेत दाबून धरलेला हात संध्याकाळी घरी यायचा. आईनं तो ओळखला होता, म्हणून पाटलांचा मुलगा फार माजला की ती तिन्हीसांजेपासून मला शेजारी पाठवायला लागली. तुमची दोन बोटं वळत नव्हती आणि डाव्या हाताला मारायची सवय नव्हती, एवढाच फरक. माझं लग्न झालं तोवर ते चाललं. तुम्ही वाईट होतात असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मला लिहायला-वाचायला तुम्ही शिकवलंत म्हणून नवरा गेल्यावर मी उपाशी राहिले नाही. पण त्या मुलासाठी तुम्ही वर्गभर वळसा घालून जायचात, आणि मी चुलीपुढं, हातभर अंतरावर असायची.

हलगीवाला इत्तला घ्यायला उद्या सकाळी येईल. आता दुसरा आहे, तरणा, पण मीठ हाही लावतो. ती मी पुरी करून ठेवते आता. इथं कुणी छड्या पुजत नसलं तरी शेवटचं वाक्य तुमचंच ठेवणार आहे, फक्त 'शाळेत'च्या पुढं दोन शब्द वाढवले आहेत, 'आणि घरी'. दुसऱ्याच्या घरात काय चालतं ते सांगणारी मी कोण, असं लोक विचारतील. विचारू देत. हा कागद मात्र सकाळी बंबात जाईल. तो तुम्हाला पोचवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवला नसता, पुढच्या ओळीमुळं.

खंडेनवमीला गड्यानं तुम्हाला काठी मारली तेव्हा मी दारात उभी होते. मनगट अजून बांधलेलं होतं. पहिली काठी बसली तेव्हा मला बरं वाटलं होतं, आप्पा. दुसरी बसली तेव्हा मी रडायला लागले.